सक्करचे पाणी

सन २०२४ च्या उन्हाळी सुटीत मी लेह येथे जाऊन आलो, हे कळल्यापासून आमच्या वार्षिकाचे संपादक मजकडे प्रवासवर्णन मागत आहेत. हिमशिखरे, बौद्ध मठ, उंच घाट यांची हकीकत वाचावयास मिळेल, अशी त्यांची अपेक्षा असावी. ती मजकडून पुरी होईल असे वाटत नाही. तो प्रवास मी एका वृद्ध मातेच्या अस्थी पोहोचविण्यासाठी केला होता; आणि ज्या गावी त्या पोहोचवावयाच्या होत्या, तेथे आम्हांस जाताच आले नाही. तथापि त्या निमित्ताने माझी स्वतःची एक चूक मला उमगली. ती विद्यार्थ्यांपुढे मांडणे शिक्षक या नात्याने माझे कर्तव्य आहे, असे समजून हे चार शब्द लिहीत आहे.

आमच्या शाळेत उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या तिन्ही गावांची मुले येतात. अंबरनाथच्या मुलांस गावाचा इतिहास विचारावा, तर ती शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० च्या शिलालेखाची व आपल्या प्राचीन शिवालयाची गोष्ट अभिमानाने सांगतात. उल्हासनगरचा इतिहास त्या मानाने कालपरवाचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळी कल्याणजवळ लष्करासाठी बराकी बांधल्या होत्या. फाळणीनंतर सिंध प्रांतातून आलेल्या, संख्येने लाखाच्या आसपास असलेल्या निर्वासितांस त्या बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तेथे कोनशिला बसली, आणि छावणीचे उल्हासनगर झाले. तरी पत्ता सांगताना लोक अद्यापि ‘कॅम्प नंबर चार’, ‘कॅम्प नंबर पाच’ असेच म्हणतात. छावणी उठली, पण तिचे नाव उठले नाही.

वीस वर्षांपूर्वी नवा शिक्षक म्हणून मी या भागात आलो, तेव्हा कॅम्प नंबर चारमध्ये एका सिंधी गृहस्थांच्या माडीवर मला भाड्याने खोली मिळाली. ते गृहस्थ दुसऱ्या एका शाळेत गणिताचे शिक्षक होते. त्यांची आई खाली राहत असे. तिला सारी गल्ली ‘अम्मा’ म्हणे. मीही तसेच म्हणू लागलो. मी एकटा, आई नुकतीच वारलेली, आणि स्वयंपाकाचे ज्ञान बेताचे. हे तिने पहिल्याच आठवड्यात ओळखले. त्यानंतर सकाळी शाळेस निघताना जिन्याच्या पायरीवर झाकलेल्या ताटलीत गरम कोकी ठेवलेली नसे, असा दिवस क्वचितच गेला. नाताळास मी करंज्या घेऊन गेलो की ती म्हणे, “मास्तर, तुझा सण आणि भाजण्याचा त्रास दुकानदाराला!”

अम्माचा जन्म १९३१ साली सिंधू नदीच्या काठी सक्कर येथे झाला. त्या वेळी सिंध हा प्रांत मुंबई इलाख्यात मोडत असे. १ एप्रिल १९३६ रोजी तो वेगळा झाला. सक्करचा प्रचंड बंधाराही मुंबई सरकारनेच बांधविला. १९३२ साली त्याचे उद्घाटन झाले, आणि मुंबईचे गव्हर्नर लॉईड यांचे नाव त्यास दिले गेले. त्यास सहासष्ट दरवाजे आहेत व त्यातून सात कालवे निघाले आहेत. अम्मा म्हणे, “वडील मला दरवाजे मोजायला सांगत. तीस-चाळीसवर मी चुकायची. ते पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावीत.” सक्कर आणि पलीकडचे रोहरी या दोन गावांच्या मधोमध, नदीच्या पात्रात एक बेट आहे. त्यावर १८२३ साली स्वामी बनखंडी यांनी साधबेला हे देवस्थान स्थापिले. तेथे नावेतून जाताना पाण्यात हात बुडवून बसावयाचे, ही तिच्या बाळपणीची सर्वांत आवडती आठवण होती.

जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल झाली आणि जे सिंधी हिंदू तोवर धीर धरून राहिले होते, तेही निघाले. अम्मा सतरा वर्षांची होण्यापूर्वीच आईवडिलांबरोबर कराचीच्या बंदरात आगबोटीवर चढली व मुंबईस उतरली. विचार करता मला असे वाटते, की मुंबई इलाख्यात जन्मलेली ही मुलगी मुंबईसच आली. परदेश झाले ते मागे राहिलेले तिचे गाव.

आता माझी चूक सांगतो. सुमारे दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळा नुकताच सरला होता. आम्ही सर्वजण अम्मास घेऊन बदलापूरचा बंधारा पाहावयास गेलो. आमच्याकडील सर्व मंडळी त्यास ‘बॅरेज’ म्हणतात. उल्हास नदी भरून वाहत होती, बंधाऱ्यावरून पाणी पडत होते. अम्मा कठड्याशी बराच वेळ उभी राहिली. मग मुलाकडे वळून म्हणाली, “मी गेले म्हणजे मला सक्करला ने. बॅरेजच्या वरच्या अंगाला, साधबेल्याजवळ.” मुलाने मान खाली घातली. तेव्हा मी, न विचारता, मध्येच बोललो. मी म्हणालो, “अम्मा, सगळे पाणी एकच. ही उल्हास नदी समुद्रास मिळते, तुमची सिंधूही त्याच समुद्रास मिळते. देव सर्व ठिकाणी सारखाच आहे. मेल्यावर माणसास सक्कर काय आणि बदलापूर काय!”

माझे भूगोल बरोबर होते. उल्हास वसईच्या खाडीवाटे अरबी समुद्रास मिळते व सिंधूही त्याच समुद्रास मिळते. धर्मशास्त्रही माझ्या समजुतीप्रमाणे बरोबर होते. अम्मा रागावली नाही. तिने विचारले, “मास्तर, तुझी आई कुठे आहे?”

मी सांगितले, “नगर जिल्ह्यात, आमच्या गावच्या ख्रिस्ती दफनभूमीत.”

“तुला तिथे जाता येते?”

“हो, येते की. रात्री गाडीत बसले की सकाळी पोहोचतो.”

“मग तुला कसे कळणार?” एवढेच म्हणून ती पुन्हा पाण्याकडे पाहू लागली.

मी निरुत्तर झालो. परंतु निरुत्तर होणे निराळे व समजणे निराळे. समजण्यास आणखी दहा वर्षे लागली.

जुलै २०२२ मध्ये पुण्याच्या रीना वर्मा या नव्वद वर्षांच्या बाई वाघा सीमेवरून रावळपिंडीस गेल्या, आणि पंधराव्या वर्षी सोडलेले आपले घर त्यांनी पंचाहत्तर वर्षांनी पुन्हा पाहिले. ती बातमी दूरदर्शन संचावर लागली तेव्हा मी अम्माजवळ होतो. तिने ती बातमी पुन्हा लावावयास सांगितली. नंतर ती आपल्या पायांकडे पाहून म्हणाली, “माझे गुडघे आता जिनाही चढत नाहीत. ती गेली, चांगले झाले. मला नंतर ने.” जानेवारी २०२३ मध्ये अम्मा झोपेतच गेली.

दहनानंतर बहुतेक अस्थी रीतीप्रमाणे बदलापुरास उल्हास नदीत सोडल्या. एका लहान तांब्याच्या गडूत मात्र थोड्या निराळ्या ठेवून, लाल वस्त्र बांधून, तो गडू जवळच्या दरबारातील कोनाड्यात ठेवला. भारत व पाकिस्तान यांच्यात १९७४ साली झालेल्या करारान्वये यात्रेकरूंचे जथे दोन्हीकडील ठरावीक तीर्थस्थानी जाऊ शकत असत. अशा एका जथ्याबरोबर जावे, असे माझ्या स्नेह्यांनी ठरविले. पहिल्या वेळी यादीत त्यांचे नाव आले नाही. दुसऱ्या वेळी कागद पुरे होईपर्यंत जथा निघून गेला. या खटपटीत वर्ष गेले. त्यांस स्वतःस हृदयविकार होता. आपल्यामागे हा गडू कोण नेईल, ही चिंता त्यांस झोप येऊ देईना.

मंडळीतील एक-दोघांनी मला विचारले, “मास्तर, हा त्यांच्या धर्माचा विषय. आपण यात कशाला?” उत्तर देण्याकरिता मी पवित्र शास्त्र उघडले आणि योसेफाची गोष्ट पुन्हा वाचली. ही गोष्ट रविवारच्या शाळेत आपण सर्वांनी ऐकलेली आहे. योसेफ मिसर देशात मोठा अधिकारी झाला. मानमरातब, धनधान्य कशासही तेथे तोटा नव्हता. तरी एकशे दहा वर्षांचा होऊन मरताना त्याने आपल्या लोकांकडून शपथ घेतली, की येथून निघाल तेव्हा माझ्या अस्थी बरोबर न्या. पिढ्यामागून पिढ्या गेल्या. मोशे निघाला तेव्हा घाईच्या त्या रात्रीही त्या अस्थी घेण्यास विसरला नाही. चाळीस वर्षे त्या अरण्यातून फिरल्या आणि अखेर शखेम येथे पुरल्या गेल्या. देव सर्वत्र आहे हे योसेफास ठाऊक नव्हते काय? मजपेक्षा अधिक ठाऊक होते. तरीही त्यास आपली माती हवी होती, आणि शास्त्राने त्याबद्दल त्यास कोठेही दोष दिलेला नाही.

आपल्या महाराष्ट्रीय ख्रिस्ती समाजातील उदाहरणही दूरचे नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली मुंबईस वारले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्या देहाचे दहन झाले, आणि अस्थी त्यांच्या कर्मभूमीत, अहमदनगरास नेण्यात आल्या. माझ्या स्नेह्यांनी मला तिसरे उदाहरण सांगितले. क्रांतिकारक श्यामजी कृष्ण वर्मा १९३० साली जिनिव्हा येथे वारले; त्यांच्या अस्थी २००३ साली, त्र्याहत्तर वर्षांनी, त्यांच्या जन्मगावी कच्छमधील मांडवी येथे आणल्या गेल्या. “पण सर,” ते म्हणाले, “मजजवळ त्र्याहत्तर वर्षे नाहीत.”

त्या दिवशी मी वर्गात आठवीस नद्या शिकवीत होतो. भिंतीवरील नकाशावर सिंधूवर काठी ठेवली, तिबेटातून निघून ती लडाखात शिरते, लेहजवळून जाते, असे सांगितले, आणि काठी तेथेच थांबली. सक्करला आम्हांस जाता येत नव्हते. परंतु सक्करला जाणारे पाणी आपल्याच देशात, लेहच्या पायथ्याशी वाहत होते. सायंकाळी स्नेह्यांच्या घरी जाऊन मी तो नकाशाच त्यांच्यापुढे पसरला. त्यांनी बोटाने लेहपासून सक्करपर्यंतची रेघ दोनदा गिरविली. “चला,” ते म्हणाले.

मे महिन्याच्या अखेरीस आम्ही मुंबईहून दिल्लीस व दिल्लीहून लेह येथे विमानाने गेलो. मृत्यूचा व दहनाचा दाखला बरोबर होता. गडू स्नेह्यांच्या मांडीवर होता. लेह सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. तेथील विरळ हवेची सवय होण्यासाठी पहिले दोन दिवस स्वस्थ राहावे लागते. त्या दोन दिवसांत मी मोराव्हियन मिशनच्या देवालयात जाऊन आलो. या मिशनने १८८५ साली लेह येथे काम सुरू केले, शाळा व दवाखाना काढला. १८९१ च्या ज्वराच्या साथीत रुग्णांची सेवा करीत असलेले त्यांचे वैद्य डॉ. कार्ल मार्क्स हे लेहमध्येच मरण पावले. (हे नाव वाचून वरच्या वर्गातील मुले चमकतील, परंतु हे मार्क्स निराळे.) ते जर्मनीहून आले व परक्या मातीसच आपली म्हणाले. मी मिशनच्या शाळेत शिकलो, म्हणून अशांचे उपकार माझ्यावरही आहेत. कोणी आपल्या गावी परत जाऊ इच्छितो. कोणी जेथे सेवा केली तेथेच राहतो. दोन्हींत भक्ती आहे. मात्र तो निर्णय ज्याचा त्याने करावयाचा असतो. बदलापूरच्या बंधाऱ्यावर मी अम्माच्या वतीने तो करू पाहिला, हीच माझी चूक होती.

तिसऱ्या दिवशी पहाटे आम्ही लेहपासून काही मैलांवर असलेल्या सिंधू घाटावर गेलो. मनात मी निळे, स्वच्छ पाणी कल्पिले होते. बर्फ वितळण्याचे दिवस असल्यामुळे नदी करड्या रंगाची, गाळाने भरलेली होती व वेगाने धावत होती. स्नेही पायरीवर बसले. गडूचे वस्त्र सोडण्यापूर्वी त्यांनी मला विचारले, “सर, तुम्ही भूगोल शिकविता. खरे सांगा. हे सक्करला पोहोचेल?”

‘हो’ म्हणणे किती सोपे होते! परंतु तीस वर्षे ज्यांनी मुलांस गणित शिकविले, त्यांस खोटे उत्तर देण्याचे धैर्य मला झाले नाही. मी सांगितले, “वाटेत आल्चीजवळ आपलेच एक धरण आहे. मग नदी बाल्टिस्तानात जाते. पुढे तरबेला येथे १९७० च्या दशकात बांधलेले मोठे धरण आहे. बहुतेक गाळ तेथे बसतो. त्याच्याही पुढे आणखी बंधारे आहेत. अस्थी पोहोचतील असे वचन मी देऊ शकत नाही. पाणी मात्र पोहोचेल. ते या मार्गानेच सक्करच्या दरवाजांतून जाते. आणखी एक सांगतो. सिंधची सारी सपाट जमीन या नदीनेच, असाच डोंगरांचा गाळ हजारो वर्षे वाहून नेऊन घातली आहे. अम्मा ज्या मातीत खेळली, ती माती एके काळी येथूनच गेली.”

ते बराच वेळ नदीकडे पाहत राहिले. नंतर म्हणाले, “मग अम्मा मातीच्या पाठोपाठ जाईल. पोहोचली तेथवर पोहोचली.” झुलेलालाचे नाव घेऊन त्यांनी मूठ पाण्यात सोडली. दुसऱ्या वेळी त्यांनी गडू माझ्यापुढे धरला. मी मागे सरलो. हा अधिकार माझा नव्हे, असे मला वाटले. ते म्हणाले, “तिच्या हातची कोकी तुम्हीही खाल्ली आहे.” तेव्हा मी हात पुढे केला. पाणी इतके थंड होते की बोटे बधिर झाली. मी मनातल्या मनात प्रभूची प्रार्थना म्हटली. आमचा लडाखी गाडीवान टोपी काढून उभा होता. तीन धर्मांची तीन माणसे त्या काठावर होती, आणि कोणासही कोणाचे अवघड वाटले नाही.

त्यानंतर काय घडले हे वृत्तपत्रे वाचणाऱ्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये कराचीतील हिंदूंचे सुमारे ४०० अस्थिकलश वाघा-अटारी मार्गे भारतात आले व हरिद्वारास गंगेत विसर्जित झाले. कित्येक कलश वर्षानुवर्षे वाट पाहत राहिले होते. तिकडच्यांस गंगा हवी होती. इकडे अम्मास सिंधू हवी होती. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम येथे निरपराध प्रवाशांची हत्या झाल्यावर अटारीची चौकी बंद झाली, आणि सिंधूच्या पाण्याविषयीचा १९६० चा करारही भारताने स्थगित ठेवला. राज्यकर्त्यांच्या निर्णयांची चर्चा करण्याचे हे स्थळ नव्हे. माझ्या स्नेह्यांनी ती बातमी वाचून मला एवढेच म्हटले, “सर, आपण आदल्या वर्षी गेलो ते बरे झाले.”

आता शेवटचे सांगावयाचे. लेहहून परतताना, विमानात स्नेह्यांच्या मांडीवरचा रिकामा गडू पाहून मला अम्माचा प्रश्न आठवला: ‘तुला तिथे जाता येते?’ मी मनात हिशेब केला. माझ्या आईच्या कबरीवर मी सहा वर्षांत गेलो नव्हतो. मला व्हिसा लागत नव्हता, कोणत्या यादीत नाव यावे लागत नव्हते. कल्याणहून रात्रीची एक गाडी पुरे होती. अम्माच्या मुलाने एका मुठीसाठी दीड वर्ष जे मागितले, ते माझ्या दाराशी पडून होते, आणि मी ते उचलले नव्हते.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुटीत मी गावी गेलो. दफनभूमीत गवत कमरेइतके वाढले होते. आईचा दगड शोधण्यास मला अर्धा तास लागला, हे सांगताना आजही लाज वाटते. विळा मागून आणला, गवत कापले, दगड धुतला, अक्षरांतील माती काडीने काढली. बरोबर माझा दहा वर्षांचा मुलगा होता. त्याने आजीचे नाव प्रथमच दगडावर वाचले व विचारले, “बाबा, आपण आधी का नाही आलो?” या प्रश्नास माझ्याजवळ उत्तर नव्हते.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी आजोबा-आजी आहेत. कोणी सक्कर-शिकारपूरच्या गोष्टी सांगत असतील, कोणी कोकणातील, कोणी खानदेशातील, कोणी घाटावरील एखाद्या वाडीच्या. ते आपल्या गावाचे पाणी, आपली वाट, आपले झाड यांविषयी बोलू लागले, म्हणजे ‘सगळे पाणी एकच’ असे शहाणपण त्यांस सांगू नका. त्यांचे म्हणणे पुरे ऐका, आणि गावाचे नाव वहीत लिहून ठेवा. ज्यांस तेथे जाता येते, त्यांनी यंदाच्याच सुटीत त्यांना घेऊन जावे. ज्यांस जाता येत नाही, त्यांनी निदान नकाशावर ते गाव कोठे आहे, ते शोधून त्यांना दाखवावे.